कुंपणाबाहेरची मोजणी

बाबा, तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली, आईला नऊ, आणि एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. आज लिहितेय, कारण माझ्या हातून मोजणीत चूक झाली आहे. बारीकसारीक नाही, चांगली मोठी. तुम्ही असता तर चष्मा काढून टेबलावर ठेवला असता, काही बोलला नसता, आणि ते तुमचं न बोलणं मला चार दिवस पुरलं असतं. बहुतेक तेच मिळावं म्हणून लिहितेय. इथे मला कोणी रागावतच नाही. ज्याला सांगावं तो म्हणतो, तुझी काही चूक नाही, आणि पुढच्या ईमेलकडे वळतो.

तुम्ही गेलात तेव्हा मी इथे कॅनडात, वॉटर्लूला शिकत होते, आणि तुम्ही गल्लीत सगळ्यांना 'पोरगी कॉम्प्युटरमध्ये आहे' एवढंच सांगायचात. कॉम्प्युटरमध्ये कसली, मी तुमच्याच धंद्यात आहे. जमीन मोजते. टोरोंटोला लागून वॉन आहे, तिथे गोदामांच्या रांगेत आमच्या कंपनीचं ऑफिस आहे. साखळी नाही, उन्हात मोजणीच्या फळ्यावर छत्री धरणारा कोतवाल नाही, मोजणीला गेलं की चहा विचारणारा पाटील नाही. माझ्याकडे जमिनीच्या पोटात बघणारं रडार आहे. तीन चाकांचं, बाबागाडीसारखं दोन्ही हातांनी ढकलायचं, आणि समोरच्या स्क्रीनवर करड्या रेघा उमटत जातात. रेघ कुठे वाकली की समजायचं, खाली पाइप आहे, जुनी टाकी आहे, नाहीतर कोणी कधीतरी खड्डा खणून बुजवला आहे. कबर म्हणजे शेवटी तेच, बुजवलेला खड्डा. मागच्या नोव्हेंबरात मला कबरीच मोजायला पाठवलं.

टोरोंटोहून उत्तरेला नऊ तास गाडी चालवली की ते गाव येतं. सोन्याचं गाव. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी तिथे खडकात सोन्याची रेघ सापडली आणि जगभरची माणसं तंबू घेऊन जंगलात घुसली. इटलीची, फिनलंडची, युक्रेनची, क्युबेकची. घरं बांधायच्या आधी त्यांना स्मशान लागलं. कोणी सुरुंगात गेला, कोणी पहिल्याच थंडीत, आणि बाकीचे हळूहळू, खडकाची धूळ छातीत साचून. दगडांवरची वयं वाचवत नाहीत बाबा, सव्वीस, एकोणीस, एकतीस. पण काही दगडांवर नावाखाली गाव कोरलंय, इटलीतलं कुठलंसं खेडं, अगदी मुक्काम पोस्ट लिहावं तसं. ते वाचून मी जरा वेळ तिथेच उभी राहिले. सुरुवातीला सगळे लाकडी क्रूस होते. मग एका उन्हाळ्यात जंगलाला आग लागली, क्रूस जळले, नोंदवहीही जळली, आणि पाद्रीबुवांनी आठवणीवरून नवी वही लिहिली आणि भोवती कुंपण घातलं. पुढे खाण बंद पडली, माणसं गेली, कुंपणात गवत वाढलं. आता सोन्याचा भाव असा चढलाय की तीच खाण पुन्हा उघडतेय, ह्या वेळी वरून, डोंगरच्या डोंगर फोडून. दगड वाहून नेणाऱ्या ट्रकांचा रस्ता दफनभूमीच्या उत्तर बाजूने जाणार होता. रस्त्याच्या आड कबर येत नाही ना, एवढं मी सांगायचं होतं.

दुसऱ्या दिवशी एक म्हातारी आली. पंचाऐंशीच्या पुढची, पायात पुरुषी मापाचे बूट, हातात कॉफीचा थर्मास. ह्या जागेचं गवत गेली चाळीस वर्षं तीच कापते. म्हणाली, थोडं माझ्याबरोबर चाल, मी तुला दाखवते कोण कुठे आहे. आभाळ भरून आलं होतं, रात्रीपर्यंत बर्फ येणार असं फोन सांगत होता, आणि बर्फ पडलं की रडारचं काम एप्रिलपर्यंत बंद. मी हसून म्हटलं की आधी कुंपणाच्या आतलं सगळं उरकते, मग नक्की बसू. तिचा नंबर फोनमध्ये टाकून घेतला. संध्याकाळी काम संपलं, बर्फ सुरू झालं आणि मी थेट हायवे धरला. अहो, तिची कॉफीसुद्धा प्यायले नाही मी.

तुम्हाला आठवतं का, मी दहा वर्षांची होते, उन्हाळ्याच्या सुट्टीत तुमच्यामागे मोजणीला आले होते. साखळीचं एक टोक माझ्या हातात. काटेरी तारेपाशी पोचले आणि मोठ्या दिमाखात ओरडले, बाबा, हद्द आली. तुम्ही फळ्यावरून मान वर केली आणि सगळ्या गावासमोर म्हणालात, "कुंपण आलं बापा, हद्द नाही. कुंपण काय, ज्याच्या मनात आलं तो घालते. हद्द विचारा लागते." माझं तोंड एवढंसं झालं होतं. तुमची पद्धतच ती होती. साखळी सोडायच्या आधी गावातलं सगळ्यात म्हातारं माणूस शोधायचं, जमलं तर म्हातारी बाई, तिच्या खाटेवर बसून तिचा काळा चहा प्यायचा आणि तिच्याबरोबर अख्खी शीव चालून यायची. कोतवाल कंटाळायचा, मी कंटाळायचे. आधी माणूस, मग माती, मग कागद. हे वाक्य मी आमच्या ऑफिसात नव्या पोरांना ऐकवते बरं का, माझे वडील सर्व्हेअर होते म्हणून छाती फुगवून. आणि नोव्हेंबरात म्हातारी स्वतःच्या पायांनी चालत आली, तर मी कुंपणाला हद्द समजून रिपोर्टवर सही करून मोकळी झाले.

एप्रिलमध्ये तिचा फोन आला. बर्फ वितळलंय, आता येतेस का चालायला, असं विचारत होती. मी म्हटलं, रिपोर्ट तर कधीच गेला. तिने विचारलं, बाहेरची बाळं धरलीस ना त्यात? मला कळेचना. मग तिने सावकाश सांगितलं. त्या काळी ज्या बाळाचा बाप्तिस्मा व्हायच्या, म्हणजे नाव ठेवायच्या आधी जीव गेला, त्याला कुंपणाच्या आत जागा नसे. देवाच्या जमिनीत नाव नसलेल्याने यायचं नाही. आईबाप त्यांना बाहेर पुरायचे, उत्तरेच्या बाजूला, भिंतीला टेकवावं तसं कुंपणाला लागून. दगड नाही, क्रूस नाही, पाद्रीबुवांच्या वहीत ओळ नाही. तिची मोठी बहीण तिथे होती. दोन दिवस जगली. बर्फात वाट बंद होती म्हणून पाद्री पोचला तिसऱ्या दिवशी. बापाने कुदळ घेऊन गोठलेली जमीन स्वतः फोडली. म्हातारी ह्या सगळ्यानंतर जन्मली, आईकडून ऐकत वाढली.

बाबा, तिने 'नाव ठेवायच्या आधी' म्हटलं तेव्हा मी वॉनच्या पार्किंगमध्ये गाडीत बसले होते, आणि मला आपलं घर आठवलं. आपल्या घरी हा विषय फारसा निघत नसे. माझ्या आधीचा तो भाऊ, नऊ दिवसांचा, बारशाच्या तीन दिवस आधी गेलेला. तान्ह्याला जाळत नाहीत, म्हणून तुम्ही आणि मामा त्याला गावाबाहेर पुरून आलात. बायकांनी जायचं नाही, आईला नेलं नाही. तुम्ही तुमच्या टिपणवहीत एका कोऱ्या पानावर दोन रेघा आणि एक टिंब काढून ठेवलंत, हद्दीच्या दगडापासून किती, विहिरीच्या कोपऱ्यापासून किती. वर काही लिहिलं नाही. लिहिणार काय, नावच नव्हतं. ती वही आता माझ्याकडे आहे, इथे, कॉन्डोच्या कपाटात. आणि एवढं घरात असताना मला सोन्याच्या गावात एकदाही विचारावंसं वाटलं नाही की इथली तान्ही पोरं कुठे गेली. आतल्या कबरी मोजताना एकही हातभर लांबीची नव्हती. तेवढ्यावरून तरी डोकं चालायला हवं होतं.

मी त्याच दुपारी मॅनेजरच्या खोलीत गेले. तो पुण्याचा आहे, माणूस वाईट नाही. त्याने सगळं ऐकलं, फाइल उघडली आणि म्हणाला, "अगं, तू चुकलेली नाहीयेस. आपला स्कोप कुंपणापर्यंतच होता. लिहिलंय ना इथे." मी म्हटलं, स्कोप चुकीचा होता. तो म्हणाला, तो आपण नव्हता ठरवला. पण त्याने लगेच खाणवाल्यांना फोन केला, हे त्याचं खरं, आणि त्यांनीही काम थांबवलं. फक्त काम झालेलं होतं. थंडीत जमीन घट्ट असते म्हणून रस्त्याची पट्टी त्यांनी फेब्रुवारीतच साफ केली होती, कुंपणापासून दोन हातांवर. झाडं कापली, वरची माती खरवडली आणि ट्रकांनी नेऊन एका ढिगावर टाकली. तो ढीग आपल्या गावच्या शाळेहून उंच आहे.

मग उत्खननातला जाणकार माणूस आला. आठवडाभर गुडघ्यांवर बसून त्याने ती पट्टी खुरप्याने तासली. काही मिळालं नाही. मला बाजूला घेऊन त्याने समजावलं की ह्या झाडांची सुयांसारखी पानं कुजून माती आंबट होते, आणि आंबट मातीत तान्ह्यांची हाडं टिकत नाहीत. नव्वद वर्षांत काही उरतच नाही. म्हणजे इथे कबरी नव्हत्या असं नाही, मी म्हटलं. नाही, तो म्हणाला, तसं मी कधीच म्हणणार नाही. पण कागदावर 'काही आढळले नाही' एवढंच येतं, आणि रस्ता कागदावरून जातो. मे संपायच्या आत खडी पडली.

खडी पडायच्या आधी, काम थांबलेलं असताना, मी तिथे गेले होते. कंपनीची गाडी नाही, स्वतःची. तुमचं ऐकायला उशीर झाला होता, तरी तुमच्या पद्धतीने करून बघावं म्हटलं. म्हातारीच्या स्वयंपाकघरात बसले, तिची कॉफी प्यायले, दोन कप. तिच्या आईने तिला माप सांगून ठेवलं होतं. फाटकातून बाहेर यायचं, उजवीकडे वळायचं, कोपऱ्याच्या खांबापासून चाळीस पावलं. आईची पावलं, माझी नाहीत, ती म्हणाली, माझी आई ठेंगणी होती. आम्ही दोघी निघालो. फाटक पूर्वी दुसऱ्या अंगाला होतं, हे तिला माहीत होतं. कोपऱ्याचा खांब मात्र तिच्या हयातीत दोनदा बदलला, आणि दर वेळी कुंपण सरळ करताना थोडं आत आलं की बाहेर गेलं, हे सांगणारं कोणी उरलेलं नाही. आम्ही तीनदा चाललो. तिने ठेंगण्या बाईसारखी पावलं टाकली, मी मोजली. तीनदा तीन जागा आल्या. चाळीस पावलं पक्की होती, ती कुठून मोजायची तेच हलून गेलं होतं. ह्याला मशीन काय करणार, आणि मी तरी काय करणार. म्हातारी कुंपणाला धरून उभी राहिली, दमून, आणि म्हणाली, अजून एकदा बघायचं का? मला तिच्याकडे बघवेना.

तुमच्याकडे निदान विहीर होती. गावाबाहेरून बायपास काढला तेव्हा हद्दीचा दगड बुलडोझरखाली गेला, पण विहीर राहिली. मी बारा वर्षांची. रविवारी सकाळी तुम्ही साखळी खांद्यावर टाकलीत आणि मला म्हणालात, चल. ऑफिसची मोजणी नव्हती, कोतवाल नव्हता. विहिरीच्या कोपऱ्याशी मला टोक धरून उभं केलंत आणि तुम्ही वही बघत बघत चालत गेलात, डांबरावर चढलात आणि रस्त्याच्या अगदी मधोमध थांबलात. एक ट्रक हॉर्न वाजवत आला तरी तुम्ही हलेनात. मी इकडून किंचाळले. मग तुम्ही साखळी गोळा केलीत, कड्या एकेक करून, नेहमीपेक्षा सावकाश. वाटेत एकच बोललात, "आईले सांगू नको." पुढच्या आठवड्यात आईने पुन्हा तोच हट्ट धरला, एकदा तरी जागा दाखवा म्हणून. तुम्ही तिला नेलंत, रस्त्याच्या कडेच्या कडुलिंबाखाली, आणि पायाने जमीन दाखवत म्हणालात, इथे. मी शेजारीच होते. तुम्ही, ज्यांनी आयुष्यात एका वितीचं खोटं कधी लिहिलं नाही. आईने पदराच्या गाठीतून फुलं काढून ठेवली. मला तुमचा इतका राग आला होता, बाबा. ती दर वर्षी त्या लिंबाखाली फुलं ठेवायची आणि मी दर वर्षी दुसरीकडे बघायचे.

जुलैत मी परत उत्तरेला गेले. रस्ता चालू झालाय. ट्रकचं एकेक चाक म्हातारीच्या घराच्या छपराला लागेल एवढं. गेले तर तिने आधीच बूट घातलेले होते. मला विचारलं, सापडली का ती? मी रात्रभर मोटेलमध्ये ठरवून आले होते की खरं सांगायचं. सगळे कागद बरोबर घेतले होते. आणि तिचं तोंड बघून माझ्या तोंडातून निघालं, हो. मी म्हटलं, जुने नकाशे पुन्हा लावून बघितले, पूर्वीचं कुंपण बरंच आत होतं. नंतर ते बाहेर सरकवलं, म्हणून तुझी बहीण आता कुंपणाच्या आत आली आहे. मी तिला ईशान्येच्या कोपऱ्यात नेलं, मशीनचं काम करताना खुणेला लावतो तसलं लहानसं केशरी निशाण खिशातून काढलं आणि गवतात रोवलं. इथे, म्हटलं. माझ्या रडारनेच सांगितलं होतं की त्या कोपऱ्यात कोणीही नाही.

म्हातारी वाकली. गुडघे धरून, सावकाश. निशाणाला बोट लावलं. मग म्हणाली, "माझ्या आईला ती आत यायला हवी होती." तिने माझा हात दाबला आणि थँक यू म्हटलं. आम्ही दोघी तिथे बराच वेळ उभ्या होतो. ट्रक गेला की जमीन हलायची आणि निशाण थरथरायचं. आणि मी बघितलं, क्रूसाची खूण करायला तिने हात छातीवर नेला तेव्हा तिची मान निशाणाकडे नव्हती. ती कुंपणावरून पलीकडे बघत होती, रस्त्याकडे, जिथे तिसऱ्यांदा पावलं मोजताना आम्ही थांबलो होतो. मग तिने मला विचारलं, लांब जायचंय तुला, बरोबर सँडविच देऊ का.

नऊ तास गाडी चालवताना मला आईच आठवत होती. तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे. लिंबाखालून आलो त्याच दिवशी संध्याकाळी आई भाकरी करत होती, मी परातीजवळ बसले होते, आणि माझ्याने राहवेना. तुमचा शब्द मोडून मी तिला सांगायला तोंड उघडलं. तिने उघडूच दिलं नाही. तव्यावरची भाकर उलटली आणि म्हणाली, "मले माहीत आहे. तुह्या मामानं तवाच सांगतलं होतं, विहिरीच्या उजव्या अंगाले. हा लिंब डावीकडे आहे." मग जरा थांबून म्हणाली, "त्यायले सांगू नको. त्यायनं लय कष्टानं शोधलीय ही जागा." मी शब्द दिला. तुमचा एक आणि तिचा एक, असे दोन शब्द मी बाराव्या वर्षापासून सांभाळले. त्यातला आईचा आज मोडलाय, निदान कागदावर. म्हणून हे पत्र मी वाचून दाखवणार नाही, तुमच्या फोटोपुढेही ठेवणार नाही. तिने सांगू नको म्हटलं होतं.